दप्तराची वाट : मदिना ते चिखली

महसूल दिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत चिखलीच्या तहसील कचेरीचा इतिहास असावा असे ठरले, तेव्हा तो एका पानात आटोपण्यासारखा होता. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. पुढच्या दशकात बुलढाणा हा वेगळा जिल्हा झाला आणि चिखली त्याचा तालुका ठरला. तो तालुका इतका मोठा होता की देऊळगाव राजा आणि जिल्ह्याचे ठिकाण असलेले खुद्द बुलढाणा, दोन्ही चिखली तालुक्यातच मोडत. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. कचेरीची जन्मपत्रिका म्हणून एवढे पुरते.

पण इंग्रज अंमलदार घाटावर आले तेव्हा पाटील, पटवारी, देशमुख, देशपांडे, परगणा, जमाबंदी हे सगळे आधीच उभे होते. गावाची कमाई कागदावर आणायची, कुणाकडून काय येणे आणि कुणाला काय देणे याची नोंद ठेवायची, आणि ती नोंद पुढच्या अंमलदाराच्या हाती सुपूर्द करायची, हा शिरस्ता त्यांनी घातला नाही. त्याचे काही धागे आपल्या मातीतले, देशमुखी-देशपांडेपणाच्या परंपरेतले आहेत. काही धागे मात्र फार लांबून आले आहेत: मदिनेहून, इराकच्या गव्हाच्या शेतांतून, बगदादच्या दप्तरखान्यातून. त्या वाटेचा इतिहास मराठीत फारसा कुणी सांगत नाही, म्हणून या लेखात तोच सांगतो.

सातव्या शतकातली गोष्ट. दुसरे खलिफा उमर यांची कारकीर्द इ.स. ६३४ ते ६४४ अशी दहा वर्षांची. इराकचा इराणी सम्राटाकडचा आणि सीरिया-इजिप्तचा रोमन सम्राटाकडचा मुलूख या काळात अरबांच्या ताब्यात आला. परंपरा सांगते की पैगंबरांचे सोबती अबू हुरैरा बहरैनहून पाच लाख दिरहम घेऊन मदिनेला आले. आकडा ऐकून खलिफांचा विश्वासच बसेना. दमला आहेस, झोप घे आणि सकाळी परत ये, असे त्यांनी सांगितले. सकाळीही आकडा तोच निघाला. मग प्रश्न उभा राहिला की एवढा पैसा मोजून द्यायचा की मापून, आणि द्यायचा कुणाला? इराणी आणि रोमन राज्यांत यासाठी नोंदवह्या ठेवतात, असे बाहेरचा मुलूख पाहिलेल्या एकाने सांगितले. त्यातून ‘दीवान’ उभे राहिले.

अरबी राज्याची ही पहिली मोठी वही उघडली ती पैसे वाटण्यासाठी. अकील इब्न अबी तालिब, मखरमा इब्न नौफल आणि जुबैर इब्न मुतइम या वंशावळींच्या तीन जाणकारांना नावे लिहायला बसवले. यादी घराण्यांच्या क्रमाने लावली गेली आणि पैगंबरांच्या कुळापासून सुरू झाली. रक्कम ठरवताना माणूस कधीपासून या कार्यात आहे हे पाहिले गेले. पैगंबरांबरोबर बद्रच्या लढाईत असलेल्यांना वर्षाला ५,००० दिरहम, पैगंबरांच्या पत्नींना त्याहून जास्त, नंतर आलेल्यांना कमी. स्त्रियांची नावे होती, मुलांचीही होती.

मुलांबद्दलची हकीकत मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत बोलकी वाटते. आधी नियम असा होता की दूध सुटलेल्या मुलालाच नेमणूक मिळायची. एका रात्री खलिफांना सतत रडणारे मूल दिसले. चौकशी केली तेव्हा कळले की नेमणूक लवकर सुरू व्हावी म्हणून आई मुलाचे दूध वेळेआधी तोडत होती. त्यानंतर नियम बदलला आणि नेमणूक जन्मापासून सुरू झाली. कचेरीत बसून केलेला नियम घराघरात काय करतो, हे कळायला राज्यकर्त्याला रात्री गावात फिरावे लागले, आणि कळल्यावर त्याने नियमच फिरवला. योजनेच्या अटी ठरवणाऱ्या प्रत्येकाला ही हकीकत ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते.

वाटपाला पैसा लागतो, तो जमिनीतून येणार. इराकच्या सपाट, कालव्यांच्या मुलखाला सवाद म्हणत. जिंकलेली ही जमीन आम्हाला वाटून द्या, असा शिपायांचा आग्रह होता. उमर यांनी तो मानला नाही. आज वाटली तर उद्या येणाऱ्यांना काय उरणार, असा त्यांचा युक्तिवाद होता. जमीन कसणाऱ्याकडेच राहिली आणि तिच्यावर खराज म्हणजे शेतसारा बसला. मोजणीसाठी उस्मान इब्न हुनैफ यांना पाठवले. त्यांची मोजणी ३ कोटी ६० लाख जरीब भरल्याची नोंद आहे. दर पिकागणिक वेगळा होता: एका परंपरेनुसार जरीबमागे गव्हाला ४ दिरहम, जवाला २, उसाला ६, द्राक्षबागेला १०. मोजणीदार परत आले तेव्हा खलिफांनी त्यांना विचारले, जमिनीला पेलणार नाही इतका भार तर तुम्ही टाकला नाहीत ना? मोजणी, जमिनीचा आणि पिकाचा वर्ग, त्यावर आकार हा क्रम आपल्या जुन्या आकारबंदात जसाच्या तसा सापडतो.

या व्यवस्थेतला एक दस्तऐवज आजही शाबूत आहे. इजिप्तमधल्या पपायरसवरची ही पावती व्हिएन्नाच्या संग्रहात आहे. हिजरी २२, म्हणजे इ.स. ६४३. अब्दुल्ला इब्न जाबिर नावाच्या सरदाराने तिथल्या स्थानिक अंमलदारांकडून ६५ मेंढ्या घेतल्या आणि त्या मिळाल्याचे लिहून दिले. मजकूर ग्रीकमध्ये आहे आणि अरबीतही. जिंकलेल्या फौजेचा सरदार जिंकलेल्या मुलखातल्या लोकांना पावती देतो, आणि ती त्यांना वाचता येईल अशा भाषेत देतो! तारीख घातलेल्या सर्वांत जुन्या अरबी दस्तऐवजांपैकी हा एक आहे. पैगंबरांच्या निधनाला तेव्हा जेमतेम अकरा वर्षे झाली होती.

कारकून मात्र जुनेच राहिले. इराकात हिशेब पहलवीत चाले, सीरिया-इजिप्तमध्ये ग्रीकमध्ये, आणि लिहिणारे बहुतेक ख्रिस्ती किंवा पारशी. पन्नासहून अधिक वर्षे हे असेच चालले. ६९७ च्या सुमारास खलिफा अब्दुल मलिक यांच्या काळात इराकचे दप्तर अरबीत आले, ७०० च्या सुमारास सीरियाचे, पाठोपाठ इजिप्तचे. त्याच सुमारास नवी सोन्याची नाणीही निघाली. दप्तराची भाषा बदलली तरी दप्तर हाताळणारी घराणी पुष्कळदा तीच राहिली, फक्त नवी भाषा शिकली. दख्खनमध्ये हेच उलट्या दिशेने घडले. सोळाव्या शतकात विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने महसुली हिशेब फारसीतून देशी भाषेत आणले आणि ब्राह्मण लेखनिकांना पुढे केले, असे इतिहासकार फरिश्ता लिहितो. वऱ्हाडातही वरचे फर्मान फारसीत आणि गावची वही मोडीत, ही जोडी शतकानुशतके नांदली.

दोष झाकून हा इतिहास सांगता येत नाही. वहीत नाव असणारे बहुतेक अरब होते. नव्याने मुसलमान झालेल्या इराणी शेतकऱ्यांनी गाव सोडून शहर गाठले तेव्हा इराकचा सुभेदार हज्जाज याने त्यांना पकडून परत गावी पाठवले, कारण ते गेले तर खराज कोण भरणार? खलिफा दुसरे उमर यांनी (७१७–७२०) ही चूक दुरुस्त करायचा प्रयत्न केला, पण त्यांना तीनच वर्षे मिळाली. इजिप्तमधल्या कुळांनी कराच्या जाचाने अनेकदा उठाव केले, ८३२ चा उठाव तर खुद्द खलिफा मामून यांना तिथे जाऊन मोडावा लागला. याच काळात दप्तर चोखही होत गेले. खलिफा मुआविया यांच्या वेळी कुणीतरी हुकमातले एक लाख खोडून दोन लाख केले म्हणे, तेव्हापासून हुकमाची नक्कल ठेवून मूळ हुकूम मोहोर लावून पाठवणारे वेगळे खाते सुरू झाले. ७६२ साली बगदाद वसले आणि अब्बासी खलिफांच्या काळात प्रत्येक खात्यावर हिशेब तपासणारे दुसरे खाते नेमले गेले. आठव्या शतकाच्या अखेरीस सरकारी कामात कागद आला. चर्मपत्रावरचे खरडून बदलता येते, कागदावर खाडाखोड लपत नाही.

त्याच बगदादमध्ये खलिफा हारून अल-रशीद यांच्यासाठी काझी अबू यूसुफ यांनी ‘किताब अल-खराज’ लिहिला. काझी ७९८ साली वारले. ग्रंथ कराबद्दल असला तरी त्याचा खरा विषय कर देणारा माणूस आहे. जरीबमागे ठरलेली रोख रक्कम घेण्यापेक्षा पिकाचा वाटा घ्यावा, म्हणजे वाईट साली राज्यही शेतकऱ्याबरोबर थोडे बुडेल, असे ते सांगतात. आणि वसुलीचा मक्ता कुणाला देऊ नये, हे तर ते फार निकराने बजावतात. मक्तेदाराला ठरलेली रक्कम भरून वर स्वतःचा नफा काढायचा असतो. तो लोकांना मारतो, उन्हात उभे करतो, गळ्यात ओझे अडकवतो, आणि मुलूख उजाड झाला की निघून जातो.

हा इशारा वऱ्हाडच्या कुणा शेतकऱ्याने १८४० साली वाचला असता तर त्याला तो आपल्याच गावाबद्दल वाटला असता. मधल्या हजार वर्षांत ही वाट वऱ्हाडापर्यंत कशी आली ते पाहू. बहामनी सुलतानांनी राज्याचे चार तर्फ केले, त्यात एक वऱ्हाड. इराणच्या गिलान प्रांतातून आलेला वजीर महमूद गवान याने चाराचे आठ केले, वऱ्हाडाचे गाविलगड आणि माहूर असे दोन भाग पाडले, जमिनीची मोजणी हाती घेतली आणि तर्फदारांच्या हातून किल्ले काढले. या सुधारणा ज्यांना बोचल्या त्यांनी खोट्या पत्राचा डाव रचून १४८१ साली त्याचा शिरच्छेद घडवून आणला. पुढे इमादशाही, मग निजामशाही, आणि १५९६ पासून मोगल.

याच पटावर मलिक अंबर येतो. हबसाणातला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला आणि बगदादला मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याच्या घरी पोहोचला. त्याने मुलाला शिकवले, वाढवले, अंबर हे नाव दिले. तिथून तो दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. अब्बासी खिलाफत तोवर कधीच संपली होती, पण ज्या शहरात अबू यूसुफ यांचा ग्रंथ लिहिला गेला त्या शहराच्या तालमीतला माणूस आमच्या बालाघाटात महसूल बसवत होता, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. मलिक अंबरने मक्तेदारी बंद केली, गावोगाव पाहणी करून आकार ठरवला आणि वसुली पाटलाकडे सोपवली. ‘मलिकंबरी धारा’ हे नाव दख्खनच्या महसुली बोलीत पुढे दीर्घकाळ राहिले. सिंदखेडचे देशमुख लखुजी जाधव, जिजाऊंचे वडील, याच निजामशाहीत वाढले आणि पुढे मोगलांकडेही गेले. मलिक अंबर १६२६ साली वारला.

पुढच्या शंभर वर्षांत घडी विस्कटली. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामुल्मुल्काने मोगल सुभेदार मुबारिझखानाला हरवले, गावाचे नाव फत्तेखेर्डा पडले आणि हैदराबादची सत्ता उभी राहिली. त्यानंतर वऱ्हाडात एकाच गावातून निजाम आणि नागपूरकर भोसले दोघांचीही वसुली होऊ लागली. १८०३ च्या युद्धानंतर भोसल्यांचा हक्क गेला, पण शेतकऱ्याची सुटका झाली नाही. दिवाण चंदूलाल यांच्या काळात हैदराबाद दरबार कर्जात बुडाला आणि परगणेच्या परगणे मक्त्याने जाऊ लागले. पुरणमल नावाच्या हैदराबादच्या सावकाराकडे वऱ्हाडचा मोठा भाग होता. १८३९ साली तो काढून पेस्तनजी आणि कंपनी या पारशी पेढीकडे दिला गेला. हीच पेढी १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईला नेणारी पहिली. तिची व्यापारी कर्तबगारी खरी असली तरी सारा गोळा करणारा हा कर्ज वसूल करणाराही असला की शेतकऱ्याने दाद कुठे मागायची?

इंग्रजांनी मुंबई इलाख्याची रयतवारी मोजणी वऱ्हाडात आणली. शेतागणिक क्रमांक, प्रतवारी आणि तीस वर्षांसाठी ठरलेला रोख आकार, ही आजच्या सातबाऱ्याची थेट आई. मक्तेदार गेला हा मोठाच लाभ झाला. पण रोख आणि ठरीव आकाराबद्दल अबू यूसुफ यांनी जी भीती व्यक्त केली होती ती १८९९-१९०० च्या दुष्काळात खरी ठरली. बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ च्या शिरगणतीत दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली दिसते. पिकाची आणेवारी, तहकुबी, सूट हे शब्द कचेरीत रुळले ते अशाच सालांच्या अनुभवातून. ठरलेला आकार आणि पिकाचा वाटा यांतला वाद बाराशे वर्षांत मिटला नाही, त्यावर तोडगा म्हणून आणेवारी आली.

महसूल दिन १ ऑगस्टला का, याचेही मूळ याच वाटेवर आहे. हिजरी वर्ष चंद्राचे, साडेतीनशे दिवसांच्या आसपासचे. पीक सूर्याचे. म्हणून वसुली जुन्या इराणी सौर वर्षाच्या आरंभाशी बांधलेली होती, पण त्या वर्षात अधिक दिवसांची भर घालणे बंद पडल्याने तारीख थोडी थोडी मागे सरकत गेली आणि पिकाच्या आधी येऊन ठेपली. विद्वान अल-बिरूनी लिहितो की खलिफा मुतवक्किल शिकारीला गेले असता त्यांना शेतात हिरवे, न पिकलेले पीक उभे दिसले, आणि खराजची मागणी मात्र सुरू झाली होती. पीकच हाती नाही तर शेतकरी देणार कुठून? चौकशीत कळले की तो कर्ज काढतो, नाहीतर गाव सोडतो. सुधारणा करण्याआधीच ८६१ साली मुतवक्किल मारले गेले. ८९५ साली खलिफा मुअतदिद यांनी वसुलीच्या वर्षाचा आरंभ ११ जूनला नेला.

दख्खनमध्ये हीच अडचण दोनदा सुटली. चौदाव्या शतकापासून इथे शुहूर सन चालू होता. आकडे अरबी, इहिदे, इसन्ने, सलास, पण वर्ष सूर्याचे आणि आरंभ मृग नक्षत्रावर, म्हणजे पेरणीच्या तोंडावर. पेशवाईतली मोडी पत्रे याच सनाने भरलेली आहेत आणि आमच्या भागातली जुनी पत्रेही याला अपवाद नाहीत. पुढे शहाजहानच्या काळात, १६३६ च्या सुमारास, दख्खनी फसली आला, तोही मृगाशी बांधलेला. आपले महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपते. जूनच्या पहिल्या पावसात चाड्यावर मूठ धरणाऱ्या चिखलीच्या शेतकऱ्याची सोय पाहणारे वर्ष निघायला बगदादपासून इथवर इतक्या सुधारणा लागल्या.

स्वातंत्र्यानंतर वतने गेली, पटवाऱ्याच्या जागी तलाठी आला, १९६६ चा जमीन महसूल अधिनियम आला. शेतसारा हे उत्पन्नाचे साधन म्हणून नाममात्र उरले. कचेरीच्या वहीतली देण्याची बाजू मात्र भरत गेली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांची हजेरीपत्रके, १९८० पासून संजय गांधी निराधार योजनेच्या याद्या, शिधापत्रिका, अतिवृष्टीचे पंचनामे आणि त्यावरचे अनुदान. आज चिखलीच्या कचेरीत सकाळी जी रांग लागते तिच्यात भरायला आलेले थोडे आणि मिळवायला आलेले जास्त. विधवा बाई हयातीचा दाखला हातात धरून उभी असते, सोयाबीन वाहून गेलेला शेतकरी यादीत आपला गट क्रमांक आहे का हे विचारत असतो. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपले पीक स्वतः मोबाईलवर नोंदवतो. जिथे रेंज नाही तिथे नोंद राहून जाते आणि नोंद राहून गेली की अनुदानही राहून जाते. त्या माणसाच्या दृष्टीने यादीत नाव नसणे म्हणजे काय, हे टेबलामागच्या प्रत्येकाने रोज स्वतःला विचारावे. मुलांचे दूध तोडायला लावणारा नियम कुणाच्या दुष्टाव्याने झालेला नव्हता.

चिखली तालुक्यातल्या अनेक घरांत, विशेषतः जुन्या पाटील, देशमुख, देशपांडे, पटवारी, काझी घराण्यांत, रुमालात बांधलेले मोडी आणि फारसी कागद अजून आहेत: सनदा, पावत्या, ताळेबंद, लावणीपत्रके, इनामाचे दाखले. वाळवी आणि ओल यांतून जे वाचले ते वाचवण्यासारखे आहे. मोडी वाचणारे आता थोडे उरले आहेत आणि फारसी वाचणारे त्याहून थोडे. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी ते टाकू नयेत, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. उन्हात न ठेवता कोरड्या सुती कापडात ठेवावेत, प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे आणि मोडीच्या जाणकाराला दाखवावेत. कागदावर शुहूर किंवा फसली सन असेल तर आधी तो वाचून घ्यावा, म्हणजे कागदाचे साल ठरते आणि बाकीचा मजकूर उलगडायला सोपे जाते.